पानाची डावी बाजू

दिवाळीत चार माणसे घरी जेवायला यायची ठरली, की हल्ली घरोघर एक नवा विचार सुरू होतो : टेबल कसे सजवावे? वर कापड कोणते घालावे, मधोमध फुले ठेवावीत की दिवे, ताटे कोणती काढावीत? या विचारात वावगे काहीच नाही. पाहुण्यासाठी जेवणाची जागा देखणी करावी ही हौस फार जुनी आहे आणि चांगलीही आहे. मात्र ही हौस आपल्याकडे टेबलाबरोबर आली अशी जर कोणाची समजूत असेल, तर ती दुरुस्त करायला हवी. आपले मेज जमिनीवर होते, एवढाच काय तो फरक.

आपल्या भाषेत या गोष्टीची एक गंमत दडलेली आहे. 'मेजवानी' हा शब्द आपण फारसीतून घेतला. फारसीत मेजबान म्हणजे यजमान. त्याने करायचा पाहुणचार ती मेजवानी. शब्द घेतला, पण जेवायला आपण बसत राहिलो पाटावरच. वाड्यात मेजवानी आहे असे म्हणावे आणि ओसरीवर पाट मांडावेत, यात कोणाला विसंगती वाटली नाही. घरातला बोलावण्याचा शब्द तर आणखी साधा : 'पाने घेतली आहेत, चला.'

हा विषय धारूरच्या निमित्ताने मांडण्याला कारण आहे. बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या डोंगरावर वसलेले हे तालुक्याचे गाव 'किल्ले धारूर' म्हणूनच ओळखले जाते. दख्खनच्या राजसत्ता येथे एकामागून एक येऊन गेल्या आणि त्यांच्याबरोबर जेवणाच्या रीतीही आल्या. एका आळीत पाट-रांगोळीची पंगत, तर दुसऱ्या आळीत जमिनीवर अंथरलेला दस्तरखान, असे दोन्ही संस्कार मराठवाड्यातल्या अशा गावांनी पिढ्यान्‌पिढ्या शेजारी पाहिले. एकीकडे प्रत्येकाचे पान वेगळे, दुसरीकडे मधोमध ठेवलेल्या थाळ्यातून सर्वांनी मिळून घ्यायचे. पण दोघांचीही बैठक जमिनीवर, आणि दोघांनाही अन्नाला पाय लागलेला खपत नाही. शिवाय हा सगळा मुलूख कमी पावसाचा. येथले ताट कसे सजले हे समजून घ्यायचे, तर ते कशाने भरले आणि केव्हा रिकामे राहिले हेही पाहावे लागते.

ताट मांडण्याचे जुने शास्त्र पाहू. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात अन्नपानाचा जो अध्याय आहे, त्यात जेवणाची जागा आणि भांडी यांची इतकी बारीक व्यवस्था सांगितली आहे, की आजच्या एखाद्या हौशी गृहिणीनेही ती कुतूहलाने वाचावी. जागा एकान्ताची, स्वच्छ, सपाट आणि सुगंधी फुलांनी सजवलेली असावी. तूप लोखंडाच्या भांड्यात द्यावे, पेया चांदीच्या. फळे आणि खाण्याचे पदार्थ पानांवर. आंबट ताकाचे प्रकार दगडी भांड्यात. पाणी मातीच्या भांड्यात. समोर रुंद, निर्मळ, मनाला आवडेल अशा पात्रात भात आणि वरण. फळे आणि कोरडे पदार्थ जेवणाऱ्याच्या उजव्या हाताला, पातळ पदार्थ आणि पाणी डाव्या हाताला, आणि गुळाचे गोड पदार्थ या दोहोंच्या मध्ये. म्हणजे कोणता पदार्थ कोठे ठेवावा हा प्रश्न आपल्याकडे वैद्यांनाही महत्त्वाचा वाटत होता.

पुढचा पुरावा धारूरपासून फार दूरचा नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११२९ च्या सुमारास 'मानसोल्लास' हा ग्रंथ पुरा केला. हे कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, बीदर जिल्ह्यातले. बालाघाटावरून पाहिले तर शेजारचेच. राजाच्या करमणुकी आणि उपभोग सांगता सांगता सोमेश्वराने जेवणाचेही प्रकरण लिहिले. राजाने पूर्वेकडे तोंड करून आसनावर बसावे, मांडीवर शुभ्र वस्त्र पसरावे, समोर सोन्याचे ताट आणि वाट्या असाव्यात. आधी वरण-भात आणि तूप, मध्ये गोड आणि फळे, शेवटी दही-ताक, असा त्यात क्रम आहे. मांडीवरच्या रुमालाला आपण विलायती चाल समजतो. ती येथे आठशे-नऊशे वर्षांपूर्वी नोंदलेली आहे. याच ग्रंथात महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओव्या म्हणतात अशीही नोंद आहे. एकाच पुस्तकात राजाचे सोन्याचे ताट आहे आणि त्या ताटात येणारे धान्य कांडणाऱ्या बाईचा आवाजही आहे. पुढे येणाऱ्या कथेचे हे बीजच म्हणायचे.

आता आपले नेहमीचे पान पाहू. केळीचे पान असेल तर त्याचे टोक जेवणाऱ्याच्या डावीकडे. वरच्या कडेला प्रथम मीठ. मिठाच्या डावीकडे लिंबाची फोड, मग चटणी, कोशिंबीर, लोणचे. खाली पापड, कुरडई, भजी. उजवीकडे सुकी भाजी, उसळ, पातळ भाजी, आमटीची वाटी. मध्ये भाताची मूद, तिच्यावर वरण, त्यावर तुपाची धार. सुश्रुताच्या काळची डावी-उजवी येथे पुष्कळशी बदललेली दिसते : पातळ पदार्थ उजवीकडे आले, कोरडे बरेचसे डावीकडे गेले. पण मूळ विचार तोच राहिला. उजवा हात ज्याच्याकडे वारंवार जातो ते उजवीकडे. बोटाच्या टोकाने थोडेसे घ्यायचे ते डावीकडे. हात पानावरून आडवा फार जाऊ नये, रस भाकरीत मिसळू नये, आणि वाढणाऱ्याला न विचारता कळावे की याच्या पानात काय संपले. शंभर पानांची पंगत दोन-चार माणसे सहज वाढू शकतात, ती या नेमक्या जागांमुळेच. सौंदर्य आणि सोय यांचे भांडण येथे कधी झालेच नाही.

केळीचे पान मात्र पाण्याच्या मुलखाचे. कोकणात आणि नदीकाठच्या बागायतीत ते मुबलक. बालाघाटावर पाने लावायची ती पळसाची. वाळवलेली पळसाची पाने बारीक काड्यांनी टाचून पत्रावळी आणि द्रोण करायचे. लग्नकार्याच्या आधी बायका आणि म्हातारी माणसे ते काम घेऊन बसत. पत्रावळीवर आमटी ओघळते, म्हणून तिला द्रोण. द्रोण कलंडतो, म्हणून त्याला खाली राखेची किंवा भाताची टेकण. सणाच्या दिवशी मात्र पितळेची ताटे चिंचेने घासून लख्ख केलेली. पाटासमोर सारवलेली जमीन, पानाभोवती रांगोळीची महिरप, बाजूला समई आणि उदबत्तीचा घमघमाट. खर्च म्हणाल तर फारसा नाही. सगळा डौल स्वच्छतेचा आणि सारखेपणाचा. एका ओळीत वीस पाने, वीसही पानांवर चटणी त्याच जागी.

हा डौल परक्यालाही जाणवला होता. पेशवाईच्या अखेरच्या काळात, १८०३ साली, लॉर्ड व्हॅलेन्शिया हा इंग्रज प्रवासी पुण्याला आला, तेव्हा दुसऱ्या बाजीरावाने त्याला हिराबागेत मेजवानी दिली. पांढऱ्या कापडावर केळीच्या पानांच्या पत्रावळी मांडल्या होत्या आणि ब्राह्मणी पद्धतीचे भोजन वाढले होते. इंग्रज पाहुणे जमिनीवर बसले खरे; पण सुऱ्या, काटे आणि चमचे त्यांनी आठवणीने बरोबर आणले होते. आज आपल्या मुलांना टेबलावर काटे-चमचे कसे धरावेत हे शिकवताना ही हकीकत सांगायला हरकत नाही. रीत शिकण्याची पाळी प्रत्येकावर कधी ना कधी येते.

पण हिराबागेचे पान आणि धारूरचे पान एक नव्हते, आणि येथेच आपल्याला डाव्या बाजूकडे नीट पाहावे लागते.

धारूरचा आजचा किल्ला १५६७ साली विजापूरच्या अली आदिलशहाचा सरदार किश्वरखान याने बांधला. लवकरच अहमदनगरच्या मुर्तजा निजामशहाने त्यावर चाल केली. लढाईत किश्वरखान पडला आणि किल्ला निजामशाहीत गेला. १६३१ मध्ये शहाजहानचा सरदार आझमखान याने तो मोगलांसाठी जिंकला. किल्ल्याचे नाव फतेहाबाद पडले आणि फतेहाबाद-धारूर अशी टांकसाळीची मोहोर नाण्यांवर आली. शाळेतल्या इतिहासात ही एवढीच ओळ पुरते. पण ज्या वर्षांत धारूर पडले, ती १६३० ते १६३२ ची वर्षे दख्खन आणि गुजरातेतल्या भयंकर दुष्काळाची होती. शहाजहानचा दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी याने त्या काळाचे वर्णन केले आहे : माणूस एका भाकरीसाठी जीव द्यायला तयार होता आणि तरी भाकरी मिळत नव्हती. विजयाची नाणी पाडणाऱ्या मुलखात त्या वर्षी किती घरांत पाने मांडली गेली असतील, याची कल्पनाच केलेली बरी.

असा दुष्काळ काही एकदाच आला नाही. १९७२ चा दुष्काळ अनेकांच्या आठवणीत आहे. खडी फोडण्याची कामे, सुकडी, आणि परदेशातून आलेल्या लाल मिलोच्या भाकरी, हे त्या वर्षांचे ताट. अशा प्रदेशात गृहिणीने ताटाची व्यवस्था कशी लावली असेल? तिने ती डाव्या बाजूने लावली. उन्हाळ्यात ऊन फुकट असते, तेव्हा सांडगे, पापड, कुरडया, खारोड्या वाळवून डब्यात भरायच्या. कैरीचे लोणचे बरणीत मुरवायचे. शेंगदाण्याची, कारळाची, जवसाची चटणी कुटून ठेवायची. भाजलेल्या धान्यांचे आणि मसाल्यांचे येसर दळून ठेवायचे, म्हणजे भाजी नसली तरी पाण्यात कालवून उकळी आणली की आमटी होते. एक येसर सोडले तर हे सारे पानाच्या डाव्या अंगाचे. उजवी बाजू पावसावर आणि बाजारावर अवलंबून. ती सुगीला भरते आणि चैत्रात ओस पडते. डावी बाजू बाईच्या हातची. ती वर्षभर टिकते. दुष्काळात उजवीकडचे एकेक पदार्थ नाहीसे होत जातात आणि शेवटी भाकरी, मीठ आणि चटणी एवढे राहते. म्हणजे डावी बाजूच राहते. सणाच्या भरल्या पानात आपण जिला 'तोंडी लावणे' म्हणून जरा कमी लेखतो, तिने या मुलखाला अनेकदा तारले आहे.

किल्ल्यात पाण्याच्या दोन जागांना खारी दिंडी आणि गोडी दिंडी अशी नावे आहेत. वेढ्यात सापडलेल्या शिबंदीला गोडे पाणी कोठे आणि खारे कोठे हे माहीत असणे म्हणजे जगणे. आपल्या पानावरही खाऱ्याची आणि गोडाची जागा ठरलेली असते. फक्त तेथे तिची किंमत एवढी मोजावी लागत नाही.

आता पंगतीची दुसरी बाजू सांगितली पाहिजे. सणाच्या दिवशी म्हणून ती झाकून ठेवणे बरोबर नाही. मराठीत दोन शब्दप्रयोग आहेत : 'डावे-उजवे करणे' आणि 'पंक्तिप्रपंच'. दोहोंचा अर्थ एकच, वाढताना भेदभाव करणे. एकाला तूप ओतायचे आणि दुसऱ्याला नुसते दाखवायचे, हे आपल्या समाजाने इतके मोठे पाप मानले, की त्यासाठी भाषेत खास शब्द घडवले. पण ज्यांना पंगतीत बसूच दिले नाही, त्यांच्यासाठी तसा शब्द सर्वांच्या तोंडी बसायला फार उशीर लागला. पंगत कोणाची, तिच्यात कोणी बसायचे, कोणाची पत्रावळ वाड्याबाहेर मांडायची आणि कोणी उष्ट्याची वाट पाहत थांबायचे, हे सगळे जातीने ठरत असे. आतले वीस पाट समान अंतरावर. बाहेरच्याचे अंतर मोजायला कोणी बसले नव्हते.

याविरुद्धचा आवाजही याच गोदावरी-बालाघाटाच्या परिसरात जुना आहे. पैठणच्या एकनाथांनी श्राद्धाचा स्वयंपाक भुकेल्या अस्पृश्यांना आधी वाढला, ही कथा परंपरेने आपल्याला सांगितली. पंढरीच्या वाटेवरचा गोपाळकाला तर पंगतीच्या अगदी उलट : तेथे डावी बाजू नाही, उजवी नाही, सगळ्यांच्या शिदोऱ्या एकत्र कालवायच्या आणि एकमेकांच्या तोंडात घास घालायचा. तरीही वाळवंटातला काला गावात परत येईपर्यंत पुन्हा वेगवेगळ्या पत्रावळींचा होई.

टेबल आपल्याकडे आले ते याच भांडणातून वाट काढीत. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर चहा-बिस्किटे दिली गेली. हजर मंडळींत टिळक आणि रानडे दोघेही होते. बातमी वर्तमानपत्रात फुटली आणि शहरात वादळ उठले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत जाऊन प्रायश्चित्तावर मिटले. एका पेल्याचा केवढा हा गाजावाजा! पुढे समतानंद अनंत हरी गद्रे यांनी झुणका-भाकर सत्यनारायण सुरू केले. पूजेला अस्पृश्य मानलेल्या समाजातले दांपत्य बसवायचे, आणि प्रसाद म्हणून सर्वांनी झुणका-भाकर खायची. शिऱ्याऐवजी झुणका निवडला यातच सारे आले : गरिबाच्या घरात जे शिजते तेच देवापुढे. त्यापुढे शहरांतली उपाहारगृहे, रेल्वे, गिरण्या, वसतिगृहे आणि स्वतंत्र भारताचा कायदा यांनी आपापले काम केले. निजामाच्या राज्यातला हा मराठवाडा १९४८ मध्ये मुक्त झाला आणि १९६० मध्ये महाराष्ट्र राज्याचा भाग झाला. गावाच्या जेवणावळींचे रूपही मग हळूहळू पालटू लागले.

घरातला पंक्तिप्रपंच मात्र दीर्घायुषी ठरला. पहिली पंगत पुरुषांची, दुसरी मुलांची, आणि शेवटची स्वयंपाक करणाऱ्या बायकांची. त्या शेवटच्या पंगतीला रांगोळी पुसट झालेली, समईतले तेल संपत आलेले, आणि पानावर उरलेला भात, आमटीचा तळ आणि चटणी. येथेही डावी बाजूच. जिने ती बाजू वर्षभर जपली, तिच्याच वाट्याला ती शेवटी यावी, हा योगायोग म्हणता येणार नाही.

म्हणून टेबलाला नाक मुरडण्याचे कारण नाही. टेबलाभोवती सगळे एकाच वेळी बसू शकतात. गुडघे धरलेल्या आजीलाही सुखाने बसता येते. पदार्थ मध्ये ठेवले तर वाढणारीलाही खुर्ची मिळते. येथे टेबल दस्तरखानाच्या जवळ जाते. मात्र ते आपले करून घ्यावे. धारूरच्या एखाद्या घरी दिवाळीत टेबल मांडायचे असेल, तर बाजारातून फारसे काही आणावे लागू नये. मधोमध पितळेच्या परातीत बालाघाटची सीताफळे रचावीत. याच दिवसांत ती डोळे उघडून पिकतात, आणि बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. परातीच्या कडेने झेंडूची फुले आणि ज्वारीचे एखादे कणीस. लाकडावर रांगोळी टिकत नाही, म्हणून ती उंबऱ्यापाशी काढावी आणि टेबलावर पाकळ्यांची महिरप करावी. पणत्या ताटापासून दूर, हात आडवा गेला तरी पदराला लागणार नाहीत अशा. ताटाखाली पळसाची पत्रावळ ठेवली तर वेगळ्या कापडाची गरज पडणार नाही. तांब्या-भांडे डाव्या हाताला ठेवावे. आणि ताट कोणतेही असो, स्टीलचे, काचेचे किंवा खणांचे, मीठ वर, चटणी-कोशिंबीर डावीकडे, भाजी-आमटी उजवीकडे, हा क्रम मुलांकडून मांडून घ्यावा. एकदा हाताला सवय झाली की ती जन्मभर जात नाही.

हे सगळे मांडून झाल्यावर एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. धारूरच्या आसपासच्या वाड्या-वस्त्यांतून दसरा उलटला की ऊसतोडीसाठी बिऱ्हाडेच्या बिऱ्हाडे बाहेर पडतात. पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात साखर कारखान्यांचा हंगाम सुरू होतो. कित्येकांची दिवाळी फडाशेजारच्या कोपीत होते. मागे गावात राहतात म्हातारी माणसे आणि काही मुले. तिकडे कोपीत पहाटे कोयता उचलण्यापूर्वी जे बांधून घेतले जाते, ते भाकरी आणि घरून आणलेली शेंगदाण्याची चटणी. ज्या साखरेने आपल्या करंज्या आणि शंकरपाळे गोड होतात, ती साखर या चटणी-भाकरीवर निघालेली असते. गावात मागे राहिलेल्या अशा एखाद्या आजीला आणि तिच्या नातवंडांना पाडव्याच्या दिवशी आपल्या टेबलाशी बोलवावे, आणि घरातल्या सगळ्यांच्या बरोबरीने, पहिल्याच पंगतीला, त्यांची पाने घ्यावीत.